चष्म्यातला डावा हात

कडबाकुट्टीच्या यंत्रात माझा डावा हात कोपराखाली तुटला. जखम भरली, पण गेलेल्या हाताची मूठ सुटेना. ती सतत आवळलेली वाटायची, नखं तळव्यात रुतायची. आमच्या गावात, निरगुडसरला, हे सांगितलं की लोक नुसते तोंडाकडे बघायचे. सासूबाई म्हणाल्या, "जे न्हाईच ते दुखंल कसं?" मग मी सांगणं सोडलं. दुखणं चालूच राहिलं.

दोन वर्षांनी नणंद मला ओतूरला एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी माझ्या डोळ्यांवर कॉम्प्युटरला जोडलेला जाडजूड चष्मा बांधला. उजवा हात हलवला की चष्म्यात डावाही तसाच हलतो, म्हणाल्या. मी खाली पाहिलं. मांडीवर दोन हात होते, गोरे, गुळगुळीत, लांब बोटांचे.

"हा माजा न्हाई," मी म्हणाले.

"ताई, मेंदूला थोडं फसवायचंय. रंगाकडे लक्ष देऊ नका."

"मेंदू माजा हाय. त्याला फसवायचं तर नीट फसवा."

त्या रागावल्या नाहीत. कॉम्प्युटरवर त्यांनी हात सावळा केला, बोटं आखूड केली. बांगड्या काही त्यांच्याकडे नव्हत्या. मी म्हटलं, चालंल.

"आता उजवी मूठ सावकाश उघडा."

उघडली. चष्म्यातली डावीही उघडली, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं नखं तळव्यातून निघाली. मी बोटं पसरून तशीच बसून राहिले. नणंद घाबरून विचारत होती, काय झालं म्हणून. "मूठ सुटली," मी म्हणाले.

घरी पोचेपर्यंत मूठ पुन्हा वळली, पण आधीइतकी घट्ट नाही. मी दर मंगळवारी जात राहिले. हळूहळू आठवडा-आठवडा ती उघडी राहू लागली.

पुढे लोणीला दिरांच्या मुलीचं लग्न निघालं. सासूबाईंनी कुणाकडून तरी प्लॅस्टिकचा हात मागवला. "पदराखाली ठेव. चार लोकांत बरं दिसंल."

"चष्म्यातला हात माज्या दुखण्यासाठी व्हता," मी म्हणाले. "ह्यो लोकांच्या डोळ्यांसाठी हाय. मी न्हाई घालणार."

आखूड बाह्यांचा ब्लाउज घालून मी मांडवात गेले, एका हातानं अक्षता वाटल्या. काहींनी नजर वळवली. नवरीच्या मावशीनं मात्र शेजारी बसवून विचारलं, "दुखतं का गं?" मी तिला मुठीचं सगळं सांगितलं, अगदी मोठ्यानं. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही समजूत काढायला गेले नाही.