सुमनचं चावीचं घड्याळ

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझी पत्नी सुमन वारली. सकाळी चहा गाळत होती, खाली बसली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेली.

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारा, बाहेरची बाधा — यातलं काहीही वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, मीही नाही. आदिलाबादच्या मराठी शाळेत भाषा शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. स्टाफरूममध्ये कुणी असलं काही सांगू लागलं की मी पुस्तक उघडून बसायचो. म्हणून जे घडलं तेवढंच सांगतो. अर्थ लावून पाहिला... लागला नाही.

सुमन जैनथकडच्या एका गावात शिक्षिका होती, बसने जायची. तिच्या हातात कायम एक लहानसं घड्याळ असे, चावीचं. रोज सकाळी चावी द्यायची, नाही तर दुसऱ्या दिवशी बंद. आमची मुलगी प्रज्ञा हैदराबादहून सेलवरचं नवं घड्याळ घेऊन आली, तर ते सुमननं भाचीला देऊन टाकलं.

दवाखान्यातून परत मिळालेलं ते घड्याळ मी तिच्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, प्रज्ञाही गेली. नंतर एकदा कपाट उघडलं तेव्हा टिकटिक ऐकू आली. घड्याळ चालत होतं आणि वेळ बरोबर होती.

वाटलं, जाताना प्रज्ञानं चावी दिली असेल. पण तिला जाऊन बरेच दिवस झाले होते. मग मी रुमालाला दोरा बांधून गाठ मारली, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. घरात मी एकटाच. पुढच्या आठवड्यात पाहिलं — गाठ तशीच, घड्याळ चालू.

भीती वाटली नाही. उलट संध्याकाळी कपाटाशेजारी खुर्ची ओढून वाचत बसायची सवय लागली.

हे मी प्रज्ञाला फोनवर सांगितलं.

"बाबा, तुमीच देत असान चावी. मंग ध्यानात राहत नसन."

"अन् गाठ? ते कोनं सोडली?"

"तेही तुमीच." ती म्हणाली. "तुमी इकडं या बाबा. इथं एक डॉक्टर हाय... डोक्याचा."

त्या शब्दानं मी हादरलो. माझ्या वडिलांना शेवटी शेवटी घरची माणसं ओळखू येत नव्हती. घड्याळाचं राहू द्या — उद्या सुमनच माझ्या डोक्यातून अशी निसटत गेली तर? मी स्वतःच चावी देऊन विसरतो की नाही, हे मला कळायलाच हवं होतं. म्हणून मी गंगारामभाऊंकडे गेलो.

गंगारामभाऊ घड्याळं दुरुस्त करतात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पूर्वी अख्खं दुकान त्यांचं होतं, आता अर्ध्यात एक मोबाईलवाला बसतो. भाऊंना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते घड्याळ जबड्याच्या हाडाला टेकवून ऐकतात.

"काका, चाटून नका पाहू, गिऱ्हाईक पळून जाईन," मोबाईलवाला म्हणाला.

"तुह्या फोनात हाय काय आयकाले!" भाऊंनी मान न वळवता सुनावलं. मग मला म्हणाले, "सर, हे तं बेस चालून राह्यलं. काऊन आनलं?"

"खोलून पाहा."

"चालती घडी मी खोलत नाही. माह्या बापाचा कायदा हाय. मालकानं तोंडानं 'खोला' म्हनलं, तरच हात लावाचा."

मी त्यांना सगळं सांगितलं. प्रज्ञाचंही. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून हातात धरलं.

"राहू द्या ना सर. चालते तं चालू द्या."

"नाही. मले माहीत पडलं पायजे. खोला."

मागचं झाकण निघालं. आतलं चाक इकडून तिकडं झुलत होतं. कमानीत, म्हणजे चावी दिली की आवळते त्या स्प्रिंगमध्ये, भरलेला जोर आधी उतरवावा लागतो, असं सांगून भाऊंनी चावी चिमटीत धरली... आणि थांबले. "उतरवाले जोरच नाही यात." मग त्यांनी कमानीची डबी काढली. चाक थांबलं.

डबीत कमान तुटलेली होती. दोन तुकडे, आणि तुटल्या टोकांना गंज.

"आता तुटली का, काढताना?"

"गंज पाहा ना. लय जुनी तूट हाय." ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. "सर, तुमी चावी देली असती तरी हे चाललं नसतं. चावी नुसती फिरली असती."

मोबाईलवाला उठून पाहून गेला.

म्हणजे मी विसरत नव्हतो. एकदम हलकं वाटलं. तिथूनच प्रज्ञाला फोन लावला, भाऊंच्या हातात दिला, त्यांनी ओरडून ओरडून तिला सगळं समजावलं. फोन परत देताना त्यांनी विचारलं, "नवी कमान टाकू?" मी हो म्हणालो. दुकानात असं विचारलं की माणूस हो म्हणतो, तसं.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, हिसका बसला की बंद घड्याळ थोडं चालतं. थोडं... मीही तेवढंच मानून पाहिलं.

नवी कमान टाकलेलं घड्याळ मी चावी न देता पुन्हा रुमालात बांधून कपाटात ठेवलं. प्रज्ञा पुढच्या रविवारी आली. डॉक्टरचं नाव तिनं काढलं नाही. कपाट उघडलं, रुमाल सोडला आणि घड्याळ कानाला लावून उभी राहिली. आवाज नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "काऊन दुरुस्त केलं?"

मी घड्याळ तिच्या हातातून घेऊन चावी दिली. आता चावी दिली की ते चालतं, नाही दिली की थांबतं. रोज सकाळी मी चावी देतो.