वरची कड

आमच्या वसाहतीचा आराखडा आखणाऱ्यांनी माणसांपेक्षा उन्हाचा विचार जास्त केलाय. एका इमारतीची सावली दुसरीच्या गच्चीवर पडत नाही. सगळ्या गच्च्यांवर सोलरच्या काचा, आणि लिफ्ट, पाण्याचे पंप, रस्त्यावरचे दिवे त्यांच्यावरच चालतात. साखर कारखान्याची काजळी मात्र शहाण्यांच्या लक्षातच आली नाही. गळीत हंगामात ती रोज काचांवर बसते. ती पुसायला केरबा आणि त्याची बायको पारूबाई येत.

केरबा पाणी ओढायचा, पारूबाई पुसायची. बाई ठेंगणी. काचेच्या वरच्या कडेला तिचा हात पुरायचा नाही. तेवढी काळी पट्टी सोडून ती खुशाल पुढच्या काचेकडे जायची. मागून केरबा ती पट्टी पुसायचा आणि ओरडायचा, "तुजा हात काय भाड्यानं आणलाईस गं?"

"समदं मीच केलं, तर तुमी काय करणार?" ती हसायची. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा.

मार्चात पारूबाई तापानं गेली. त्यांच्यात, माणूस गेलं की त्या जागी दिव्याजवळ पीठ पसरून ठेवतात. सकाळी पिठावर मुंगीचं, पाखराचं, ज्याचं पाऊल दिसेल त्या रूपात माणूस गेलं, असं धरतात. पिठावर दुरडी झाकायची राहिली. त्यात घरावर सोलर आल्यापासून पंखा लावताना कुणी मागेपुढे बघत नाही. पहाटे उकडलं म्हणून मुलानं, जोतीरामनं, पंखा लावला. दिवा आडोशाला होता, तो टिकला. पीठ घरभर उडालं.

मी भेटायला गेले तेव्हा केरबानं अन्न सोडलं होतं. "कशात गेली त्येच कळलं न्हाय, वैनी," तो म्हणाला. "का गेलीच न्हाय?"

सुतक संपल्यावर एका सकाळी तो कामावर आला. इतक्या दिवसांत काचा काळ्याकुट्ट झाल्या होत्या, लिफ्ट मध्येच अडायची. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, म्हणून गच्चीची किल्ली माझ्याकडेच, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. कुलूप मीच काढलं.

काचा लखलखत होत्या. त्यांच्यावरून अजून पाणी ठिबकत होतं. पारूबाईच्या जुन्या लुगड्याचं फडकं पिळून कठड्यावर पसरलेलं होतं. आणि प्रत्येक काचेची वरची कड तेवढी काळी होती. गच्चीवर यायला दुसरी वाट नाही. मी घाबरून दाराशीच थांबले.

केरबानं फडकं उचललं आणि एकेक कड पुसायला लागला. तोंडानं त्याच जुन्या शिव्या. शेवटच्या काचेपाशी मात्र त्याचा हात थांबला.

"ही ऱ्हाऊ दे, वैनी. समदं पुसून झालं, तर ती कशाला यील?"

मी घाईघाईनं कुलूप लावलं. खाली माझ्या दारात बसून केरबानं भाकरी मागितली. मी ताट वाढत होते, आणि वर गच्चीवर कुणीतरी फडकं पिळत असल्याचा आवाज येत होता.