लूज न घालता सात इंच

माझी सून घरोघरी जाऊन एक्स-रे काढते. पडलेली, झोपून असलेली, जिना उतरू न शकणारी माणसं असतात ना, त्यांच्याकडं. मशीन तसं लहानच, शिलाई मशीनच्या डोक्याएवढं. घडीचा स्टँड, पेशंटच्या खाली सरकवायची एक प्लेट आणि लॅपटॉप, एवढा सगळा संसार रिक्षात मावतो. आणि मी. परक्या घरात एकटी कशाला जायची म्हणून एक दिवस सोबत गेले, ती अजून जातेच आहे.

तिचा अभ्यास आमच्या घरीच झाला, लग्नानंतर. माहेर कबनूरचं, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली पोरगी, कशाला घाबरायची नाही. पण गणित आलं की रडकुंडीला यायची. मी सातवी शिकलेली. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले. लसूण सोलत तिच्याजवळ बसायचे आणि विचारायचे, "हे काय गं?" ती सांगायची, मिलीअँप गुणिले सेकंद, म्हणजे किरणं किती सोडायची आणि किती वेळ. मला ते आमच्या नळासारखं वाटलं. नळ मोठा सोडला की बादली लगेच भरते, बारीक सोडला की वेळ लागतो, बादली तेवढीच. एकदा हे डोक्यात बसल्यावर पुढचं दोघींनी मिळूनच केलं. अंग दोन इंच जास्त जाड असलं की वेळ दुप्पट. किरणांचा जोर शंभराला पंधरा वाढवला की वेळ निम्मा. ती पास झाली. मशीनच्या पेटीच्या झाकणाला आत तिनं तक्ता चिकटवलाय, तो इंचांत आहे, कारण मापं मी घेते. अंगावर फूटपट्टी आडवी धरायची आणि तिथून खाली गादीपर्यंत माझा शिवणाचा टेप सोडायचा. ती आकडा बघते आणि वेळ लावते.

गेल्या उन्हाळ्यात पेठेतल्या एका घरी गेलो. दुसरा मजला, अरुंद जिना. आजोबा ऐंशीच्या पुढचे, एकेकाळी तालमीत गाजलेले. सकाळी न्हाणीत पाय घसरून पडले होते आणि खुब्यात कळ धरली होती. त्यांच्या मुलानं दारातच आम्हाला हळूच सांगितलं, "दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकत न्हाईत. तालमीतला एक जण हाडं बसवतो, त्याला सांजच्याला बोलावलंय पाय ओढायला. मोडलेलं असलं तर काय हुईल ओ?"

सून म्हणाली, "मोडलेलं असलं तर ओढायचं नाही. ते बघायलाच आलोय."

आजोबा गादीवर आडवे. दंड एवढे एवढेसे राहिलेले, पण आवाज कुस्तीच्या हौद्यात उतरल्यासारखा. "एकदाच काढायचा. परत कोण हात लावंल तर बघा."

आम्ही तिघांनी मिळून प्लेट खाली सरकवली. त्यांनी दात आवळले, ओरडले नाहीत. पाय थरथरत होता. मी फूटपट्टी धरली, टेप सोडला आणि म्हटलं, "नऊ."

सुनेनं वेळ लावला. साठ मिलीअँप, एक सेकंद. मुलाला आणि मला तिनं बाहेर काढलं, स्वतः शिशाचा जड कोट घालून लांब उभी राहिली. मी जिन्यात उभी होते. "श्वास धरा आजोबा," मग टुक.

लॅपटॉपवर चित्र आलं ते हललेलं. हाडाला दोन-दोन कडा, धुक्यातल्यासारख्या.

"पाय हलला," सून पुटपुटली. "पण एवढ्या बारीक माणसाला एक सेकंद कसा लागंल? आत्ती, नऊच होतं ना?"

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. मी हातातल्या टेपकडं बघितलं. बोट अजून तिथंच होतं. सातावर.

काय झालं सांगते. चाळीस वर्षं मी अंगाचं माप घेतलं की तोंडानं दोन इंच वाढवूनच सांगायचे, लूज धरून. गिऱ्हाइकाला श्वास घेता यायला पाहिजे. तोंडाला सवयच ती. इतके दिवस तक्त्याशी घोटाळा झाला नाही, कारण सून शेजारी उभी राहून टेप बघायची. त्या दिवशी ती स्टँड धरून होती.

लपवावं असं क्षणभर वाटलं. पाय हलला म्हणून भागलं असतं. पण मग परत वेळ चुकीचाच लागला असता.

"सात," मी म्हटलं. "दोन मी घातले. लूज."

आजोबा गादीवरूनच म्हणाले, "मला काय पोलकं शिवताय काय, बाई?"

मुलगा तोंडावर हात धरून हसला. सून हसली नाही, ती हिशोबात गेली होती. "सात, म्हणजे अर्धा सेकंद. तरीबी पाय हलणारच. जोर सत्तर आहे. आत्ती, सत्तराचे पंधरा टक्के?"

"दहाचे सात, पाचाचे साडेतीन. साडेदहा."

"मग जोर ऐंशीवर नेते, वेळ अजून निम्मा. पाव सेकंद." ती आजोबांजवळ वाकली. "प्लेट काढत नाही, तुम्हाला हलवत नाही. चूक आमची हाय. आणखी एकदा काढू?"

आजोबांनी छताकडं बघितलं. पाय थरथरतच होता. "पाव म्हंजे किती?"

"टाळी वाजवायच्या आत."

"व्हय. काढ."

मी परत जिन्यात. पाव सेकंदाचा आवाज ऐकूसुद्धा आला नाही. या वेळी चित्रात कडा एकच होती, आणि खुब्यातल्या हाडाच्या मानेत आरपार काळी रेघ. सून त्याबद्दल काही बोलली नाही. ते डॉक्टरांचं काम. तिनं फोटो धाडला. दहा मिनिटांत फोन आला, मोडलंय, पायाला हात लावू नका, ॲम्ब्युलन्स पाठवतो.

आजोबांनी मुलाकडून मोबाईल मागून घेतला. स्वतः नंबर लावला. "ऐक. सांजच्याला येऊ नगंस. हाड मोडलंय, ओढायचं न्हाय. व्हय, चांगलं दिसलंय." मग फोन ठेवता ठेवता, "त्या बाईनं सात सांगितलं तवा दिसलं."

घरी आल्यावर सुनेनं पेटीचं झाकण उघडलं आणि तक्त्याच्या वर मार्करनं मोठ्ठं लिहिलं, 'टेपवर दिसतंय तेवढंच.' मी म्हटलं, "बाहेरून लिही की, सगळ्यांना दिसू दे."

"नको," ती म्हणाली. "आपल्या दोघींपुरतंच."