भिंत फोडायची का?

पाण्याला तोंड नाही, म्हणून ते थेंबाथेंबानं गाऱ्हाणं सांगतं, असं नळ दुरुस्त करणारा दादा म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या तोंडात मात्र एकच शब्द, आणि त्यावरूनच त्याला नाव पडलं: प्रॉब्लेमदादा.

शब्द एक, पण त्याचे सूर किती! झटक्यात "प्रॉब्लेम!" म्हणाला, की वायसर झिजला. "प्रॉऽऽब्लेम" असा ताणला, की पाइप गंजला. आणि डोळे मिटून, मयताला आल्यासारखा हळूच म्हणाला, की घरमालकानं खुशाल खाली बसावं, भिंत फोडायची. मेहुणा दारात दिसला तरी तो हाच शब्द काढायचा. कोणत्या सुरात, ते बायकोलाच ठाऊक.

एका सकाळी त्याचा उजवा अंगठाच वाकेना. चहाचा कप धरवेना, तिथं पाना कुठला? ज्या हातावर घर चालायचं तोच हात रुसून बसला. त्यानं लपवून पाहिलं, पण सदऱ्याची बटणं बायकोला लावावी लागली.

"लोकांचे नळ गळले की धावता, आणि स्वतःचा अंगठा अडला तर लपवता होय?" ती म्हणाली. "चला दवाखान्यात."

डॉक्टर वयानं लेकीएवढी. तिनं अंगठा दाबला, हलकेच वाकवला. आत काहीतरी कट्‌ वाजलं. विचार करताना तिनं डोळे मिटले आणि ती हळूच म्हणाली, "थोडा प्रॉब्लेम आहे."

दादाच्या पायाखालची जमीन सरकली. "बाई, भिंत फोडायची का?"

"कसली भिंत?"

"ऑपरेशन म्हणतायत ते," बायकोनं उलगडा केला.

डॉक्टर खुदकन हसली. "नाही हो मामा! आत सूज आहे. महिनाभर अंगठ्याला आराम. पाना हातात घ्यायचा नाही."

घरी येऊन दादा उंबऱ्यावर टेकला. म्हणाला, "महिन्यात गिऱ्हाइकं दुसरा माणूस बघतील. नळ राहतील, पाणी राहील, मी तेवढा राहायचा नाही."

"मी धरते पाना."

"पाना म्हणजे काय पळी वाटली तुला?"

"एवढी वर्षं तुम्हाला वाकवलं, नट काय चीज आहे!"

दुसऱ्या दिवशी नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या शिंपीणबाईच्या स्वयंपाकघरात दादा स्टुलावर बसला आणि बायको नळापुढे वाकली.

"काय झालंय हो?" शिंपीणबाईनं भीत भीत विचारलं.

दादानं सवयीनं घसा खाकरला, पण बायकोच बोलली, "वायसर झिजलाय. बदलते."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं पाना आवळला. चेहरा लालबुंद झाला, बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. नळाच्या ओठावर शेवटचा थेंब थरथरला, टपकला आणि मागून दुसरा आलाच नाही.

"ताई, न्हाणीघरातलाही बघता का?" शिंपीणबाई म्हणाली. "दादांना विचारायचं म्हणजे छातीत धडकीच भरते."

दादाची मान अभिमानानं ताठ झाली आणि तोंड रुसव्यानं वाकडं. दोन्ही एकाच वेळी.

"पाना उलटा धरला होतास," तो पुटपुटला.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" असं म्हणत तिनं अवजारांची पिशवी त्याच्या डाव्या हातात दिली आणि ती न्हाणीघराकडे निघाली.

दादा पिशवी सांभाळत मागोमाग गेला.