जादा तास

त्या हिवाळ्यात माझा नवरा खोटं बोलायला लागला. हे नाशकात मुलांच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. शाळा सुटली की सरळ घरी येणारा माणूस दिवेलागणीपर्यंत येईना. विचारलं की म्हणत, "जादा तास होते."

माझ्या विधवा नणंदबाई आमच्याकडेच राहायच्या. एकदा त्यांनी ह्यांचा कोट हुंगून माझ्या हातात दिला. कोळशाच्या धुराचा वास, बाहीला काळं लागलेलं.

"अगं, हा शाळेतला वास नव्हे," त्या म्हणाल्या.

माझ्या मनात आधी बाईचाच विचार आला. मग वाटलं, कायदेभंगवाल्या पोरांच्या नादी लागले असतील, म्हणजे नोकरी गेलीच. मी नजर ठेवायला लागले. पूर्वी जेवताना वर्गातल्या गमती सांगणारे हे आता मुलांची नावं विसरत. सकाळी एका पायात जोडा घालून खाटेवर तसेच बसून राहत. शेजारचं मूल दारात रडलं की उठून आत जात. सगळं दिसत होतं मला, पण जे दिसेल ते मी संशयालाच जोडत होते.

अशात त्यांच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर बाजारात भेटले. "मास्तरांची तब्येत बरी आहे ना? हल्ली घंटा झाली की थांबतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी चेपलेला हंडा ठोकून आणायच्या निमित्ताने निघाले आणि शाळेपासून ह्यांच्या मागे राहिले. हे तांबट आळीत वळले. दोन्ही बाजूंना भांडी घडत होती, ठोक्यांनी कान बधिर होत होते. एका दुकानाच्या ओट्यावर, भट्टीशेजारी, भिंतीला टेकून ह्यांनी डोळे मिटले. मी समोर उभी राहून बराच वेळ वाट पाहिली. कुणी आलं नाही. डोळे उघडल्यावर मी दिसले, तरी हे दचकले नाहीत. सरकून मला जागा दिली.

हंडा त्याच दुकानात ठोकायला टाकला आणि परतताना विचारलं, "तिथं कशाला जाता?"

"तिथं ठोक्यांपुढे कुणाला बोलता येत नाही, मलाही बोलावं लागत नाही. वर्गात पाऊल टाकलं की परत फिरावंसं वाटतं. आधी पोरांचा राग यायचा, आता तोही येत नाही."

"मग घरी का नाही सांगितलं?"

"काय सांगू? ताप नाही, खोकला नाही."

माझा विश्वास बसला नाही. हंडा आणायला एकटी गेले तेव्हा म्हाताऱ्या तांबटाला खोदून खोदून विचारलं. "गुरुजी येतात, बसतात," तो म्हणाला. "पाणी दिलं तर पितात. दुसरं काय नाय."

घरी येताना मला माझी आई आठवली. पाठोपाठच्या बाळंतपणांनंतर ती भिंतीकडे तोंड करून अशीच बसायची. तिलाही कुणी आजारी म्हटलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की हे दमलेत, आणि रात्रीच्या झोपेनं जाणारा हा शीण नव्हे.

मीच रजेचा अर्ज लिहायला लावला. मुख्याध्यापकांनी तो बाजूला ठेवून विचारलं, "दुसरीकडे नोकरी बघताय का?" शेवटी रजा दिली, पण पटलं नाही त्यांना. आम्ही सायखेड्याला माझ्या भावाकडे गेलो. सुरुवातीला हे नुसते झोपत. मग गोदावरीकाठी फिरायला लागले, भावाबरोबर मळ्यात जायला लागले.

जूनमध्ये परत रुजू झाले ते खालचे वर्ग मागून घेऊन. पहिले काही महिने मुख्याध्यापक वर्गाच्या दाराआड उभे राहून ह्यांचा तास ऐकत. ह्यांना ते कळत होतं. "ऐकू देत," म्हणायचे, आणि शिकवत राहायचे.