उपमेयरचं कोरडं खाचर

पवित्रा गाहाला उपमेयर व्हायचं नव्हतं, आणि ज्यांनी तिला उभं केलं त्यांनाही ती व्हावी अशी विशेष आस नव्हती. त्यांना एक बाई हवी होती. मेयर आणि उपमेयर या दोन जागांसाठी पक्षाने उमेदवार दिले तर त्यातला एक पुरुष आणि एक बाई असलीच पाहिजे, असा नियम. मेयरच्या जागेवर डम्बर बस्याल बसणार हे नेपाळातल्या सिमलपानीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तेव्हा बाई उरली ती उपमेयरसाठी, आणि ती शोधायची आठवण पुढाऱ्यांना अर्ज भरायच्या आदल्या दिवशी झाली.

ते आले तेव्हा पवित्रा बसथांब्यासमोरच्या आपल्या बांगड्यांच्या दुकानात पोत ओवत बसली होती.

"बहिनी, तू फक्त हो म्हण," बस्याल म्हणाला. "बाकी सगळं आम्ही बघतो."

"पण काम काय असतं?"

पुढारी एकमेकांकडे बघून हसले. "मी काठमांडूला गेलो की खुर्ची गार होऊ द्यायची नाही, एवढंच काम," बस्याल म्हणाला, आणि तिच्या दुकानातल्याच स्टुलावर बसून त्याने तिच्याच पैशाचा चहा मागवला.

निवडून आल्यावर पवित्राला कळलं की कायद्याने उपमेयरला आणखी एक काम दिलं आहे. नगरपालिकेची न्यायिक समिती तिच्या हाताखाली असते. बांधावरून तंटा, थकलेली मजुरी, दुसऱ्याच्या मक्यात शिरलेली बकरी, म्हाताऱ्या आईबापांना जेवू न घालणारी मुलं, पाटाच्या पाण्याची वाटणी: असली भांडणं तिने आणि समितीतल्या आणखी दोघांनी ऐकायची आणि निकाल द्यायचा. बस्यालला हे ठाऊक होतं. त्याला वाटलं होतं, बांगड्या विकणारी बाई निकाल काय देणार. चहा पाजून दोघांना घरी पाठवेल.

पहिले काही महिने तिने तसंच केलं, कारण तिलाही तसंच वाटत होतं. मग एक म्हातारा आला. दोन मुलगे, दोघांची पक्की घरं, आणि बाप गोठ्यात निजणारा. समितीतला घनश्याम, जो मेयरच्या वॉर्डातला आणि मेयरच्याच शब्दातला, म्हणाला, "घरची गोष्ट आहे, मिटवून टाकू." म्हातारा पवित्राकडे बघत राहिला. तिने मुलांना समोर बसवलं आणि कुणाकडे कोणत्या महिन्यात बाप राहणार ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. जाताना म्हाताऱ्याने तिला हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत, नुसतं म्हणाला, "आता मला निजायला जागा आहे." त्या दिवसापासून पवित्रा आपल्या खुर्चीत जरा मागे रेलून, नीट बसू लागली.

अशी तीन वर्षं गेली, आणि मग डोझर आला.

सिमलपानीच्या डोक्यावरच्या टेकडीवर मेयरला मनोरा बांधायचा होता. वर चढून खालचं शहर बघायचं, फोटो काढायचे, पर्यटक येतील, असं तो सांगे. मनोऱ्याआधी रस्ता हवा. रस्त्याचा ठराव बस्यालने मांडला आणि बस्यालच्याच अध्यक्षतेखाली तो मंजूर झाला. खोदायला डोझर आला तो त्याच्या मेव्हण्याच्या नावावरचा. तो खरा कुणाचा आहे हे विचारायची गरजच नव्हती. पुढच्या काचेवर मेयरच्या मुलीचं नाव रंगवलेलं होतं. नगरपालिकेचं काम नगरपालिकेच्याच माणसाने घेऊ नये असा नियम आहे. मेव्हणा नगरपालिकेचा माणूस नाही, असं बस्यालचं उत्तर होतं.

असार, म्हणजे आषाढ, संपला की सरकारी वर्ष संपतं आणि न खर्चलेला पैसा परत जातो. म्हणून जेठाच्या अखेरीला डोझर दिवसभर घरघरत होता, आणि त्या घाईत त्याने टेकडीच्या पोटातून येणारा जुना पाट सरळ कापून टाकला. वरच्या ओढ्याचं पाणी तुटलेल्या तोंडातून दरीत पडू लागलं, आणि खालच्या सगळ्या खाचरांत, जिथे भाताची रोपं लावणीसाठी वीतभर वाढून उभी होती, एक थेंब येईना.

बेलमती सारू ही पाटावरची सगळ्यांत जुनी बाई. तिच्यामागे आणखी बायका, असा घोळका समितीच्या खोलीत शिरला.

"बुहारी," बेलमती म्हणाली. नात्याने ती पवित्राची सासू नव्हे, पण गावात सगळ्याच सुनांची ती सासू. "रोपं पिवळी पडायला लागली. मेयरच्या माणसाला सांगितलं, तर म्हणतो पाऊस पडेल की."

"रोपं किती दिवस धरतील?"

"असार पंधराच्या आगेमागे लागली पाहिजेत. त्यानंतर लावलेल्या रोपाला पेंढा येतो, भात येत नाही. ते तुला का सांगावं लागतं? तुझंही खाचर तिथंच आहे."

पवित्राने तक्रार दाखल करून घेतली. दुसऱ्याच दिवशी मेयरने तिला आपल्या खोलीत बोलावलं.

"बस, बहिनी. चहा घे. ते पाटाचं मिटवून टाक. आपल्याच माणसांत भांडण काय लावतेस?"

"मिटवायला मी तयार आहे. तुम्ही रस्त्याखालून पाइप टाका, मिटलं."

"त्याला पैसा पुढच्या वर्षी." त्याने बशीतून चहाचा घोट घेतला. "आणि खरं सांगू? तुला ही केस ऐकताच येत नाही. तुझं स्वतःचं खाचर त्या पाटावर आहे. ज्यात आपला फायदा आहे त्याचा निवाडा आपण करायचा नसतो. कायदा आहे तसा. मी नाही केला."

कायदा खरंच तसा होता. ज्या माणसाने स्वतःच्या डोझरसाठी स्वतःच ठराव करून स्वतःच हात वर केला, तो माणूस तिला सांगत होता की तुझं हित गुंतलंय, तू ऊठ. आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं, हाच त्यातला सगळ्यांत किळसवाणा भाग होता. ती उठली की मागे राहणार समितीतले उरलेले दोघे, घनश्याम आणि तुलसा. घनश्याम साउनातली, म्हणजे असारानंतरच्या महिन्यातली, तारीख लावणार, आणि तुलसा नेहमीप्रमाणे त्याच्याकडे बघून मान डोलावणार. साउनात निवाडा कशाचा करायचा, पेंढ्याचा?

"चहा गार होतोय," बस्याल म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली.

घरी सासू, इंद्रमाया, ओसरीवर मकई निवडत होती. पवित्राने तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आमा, आपण पाटाच्या पाण्याची आपली पाळी सोडली, तर माझा त्यात फायदा उरत नाही, मी खुर्चीत बसू शकते. माझी मुदत संपेपर्यंत."

इंद्रमायाचे हात थांबले. "म्हणजे दोन वर्षं भात नाही?"

"कोदो लावू. त्याला पाटाचं पाणी लागत नाही."

"कोदो मला शिकवू नकोस. दरड कोसळली तेव्हा त्या खाचरात डोको-टोपली भरभरून माती मी आणली होती. तुझा नवरा तेव्हा पाठीला बांधलेला होता." तिने सूप बाजूला सरकवलं. "पाट त्याने तोडायचा आणि दंड आपल्या भाताने भरायचा?"

"दंड नाही, आमा."

"मग काय आहे?"

सासू रात्री जेवली नाही. पवित्राच्या नवऱ्याने, जो जीप चालवतो आणि घरच्या भांडणात पडत नाही, आपलं ताट उचललं आणि तो अंगणात जाऊन जेवला.

त्या पाटाची एक जुनी रीत आहे. पाण्याची पाळी सोडायची असेल तर नुसतं सांगून भागत नाही. पाटावरच्या सगळ्या घरांसमोर, ज्याचं खाचर त्याच्याच घरच्या हाताने, खाचराकडे वळणारं दारं दगड आणि गवताच्या ढेकळांनी बुजवायचं. एकदा बुजवलं की सगळ्यांनी उघड म्हटल्याशिवाय ते फोडता येत नाही. पवित्रा सकाळी दगड घेऊन गेली तेव्हा बायका आधीच जमल्या होत्या. पाटात पाणी नव्हतं, तरी सगळ्या जणी पाण्यात उतरल्यासारख्या लुगडी खोचून उभ्या होत्या. पवित्रा वाकली, तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या हातातून दगड काढून घेतला.

"खाचर माझ्या नावावर आहे," इंद्रमाया म्हणाली. "तू बुजवलंस तर तो मेयर म्हणेल सासूचं दारं उघडंच आहे." आणि तिने स्वतः दगड बसवला, ढेकूळ ठोकलं, वर पाय देऊन दाबलं. मग कुणाशी न बोलता घरी निघून गेली.

समिती बसली. घनश्यामने तोंड उघडायच्या आत पवित्राने दारं बुजवल्याचं सांगितलं आणि साक्षीला पाटावरची घरं उभी केली. घनश्याम म्हणाला, "एवढं करायची काय गरज होती, दिदी? मेयरसाब दुखावतील."

"डोझर दुखावला का?" बेलमतीने मागून विचारलं.

निकालात पवित्राने म्हटलं की नगरपालिकेने रस्त्याखालून पाट पूर्ववत करावा, आणि तो होईपर्यंत पाटाच्या लोकांनी रस्ता कापून पाणी न्यावं. घनश्याम विरुद्ध. आता तुलसावर आलं. तुलसा विश्वकर्मा लोहारकाम करणाऱ्या घरची; समितीत आल्यापासून तिने कधी घनश्यामच्या आधी मत दिलं नव्हतं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"उपमेयर दिदींनी भात सोडलं," ती म्हणाली. "मी काय सोडणार, माझ्याकडे खाचरच नाही. मी आपली सही देते."

पण निकाल देणं उपमेयरचं काम, आणि तो अमलात आणणं मेयरचं. बस्यालने कागद वाचला आणि म्हणाला, "फार चांगला निकाल. करू. लावणीची धांदल संपली की करू." लोक चौकशीला जात राहिले, तो तेच वाक्य सांगत राहिला. रोपांची टोकं वाळू लागली.

असार पंधरा उजाडला. त्या दिवशी सगळे दही-पोहे खातात आणि चिखलात उतरतात, आणि दरवर्षी नगरपालिकाही उतरते: मेयर, अधिकारी, सनई-दमाहावाले आणि फोटोवाला. कार्यक्रमाचं खाचर ठरलं होतं मेयरच्या चुलत्याचं, नव्या रस्त्याच्या कडेला. पण तेही त्याच पाटावरचं, तेव्हा तेही कोरडंठाक. पवित्रा पोचली तेव्हा तिला दिसलं की नगरपालिकेचा आगीचा बंब रस्त्यावर उभा आहे आणि त्याच्या नळीतून खाचरात पाणी सुटलं आहे. मेयरला फोटोपुरता चिखल हवा होता. बाजूच्याच खाचरातली रोपं काड्यांसारखी उभी होती, आणि बांधावर बेलमती आणि बाकीच्या बायका कुदळी घेऊन ते पाणी बघत होत्या.

"ये बहिनी," बस्याल गुडघाभर चिखलातून म्हणाला. त्याने तिच्याकडे रोपांची मूठ धरली. "इकडे बघ, हास जरा."

पवित्राने मूठ घेतली नाही. "मेयरसाब, आग कुठं लागली?"

"काय?"

"बंब आलाय म्हणून विचारलं."

सनईवाल्याने सनई तोंडापासून काढली. बांधावर कुणीतरी हसलं, आणि मग ते हसू बांधाबांधावरून खाली गेलं.

"आज सण आहे," बस्याल दातातल्या दातात म्हणाला. "आज नको."

"आजच. उद्या रोपं नाहीत." तिचा आवाज कापत होता, आणि तो रागाने कापतोय हे तिलाही नवीन होतं. "निकाल माझा, अंमल तुमचा. या शहराची आग विझवायचं पाणी तुम्ही फोटोत ओतताय. पाट तुम्ही करून देत नाही, तर निदान रस्ता कापायला या बायकांना अडवणार नाही एवढं आत्ता, सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर अडवतो म्हणून सांगा. तेही फोटोत येऊ दे."

बस्यालने फोटोवाल्याकडे बघितलं, मग बांधावरच्या कुदळींकडे. तो मुरलेला माणूस होता. क्षणभराने त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तो चिखलातून वर आला, बेलमतीच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि नव्या रस्त्यावर पहिला घाव त्यानेच घातला. "फोटो घे," तो म्हणाला. एवढं करून त्याने पाय धुतले आणि गाडीत बसला. बाकीचा रस्ता बायकांनी दुपारपर्यंत खोदला. संध्याकाळी पाणी आलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळा उतार लावणीला वाकला. पाणी इंद्रमायाच्या खाचराजवळ आलं, दगडाला घासून पुढे गेलं.

भात काढल्यावर बेलमती नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आली. पवित्राने ते उंबऱ्यावरूनच परत केलं. ज्यांच्या बाजूने निकाल दिला त्यांच्याकडून तिला काही घेता येत नव्हतं. बेलमती रुसून गेली.

"म्हणजे खायचंही नाही?" सासू म्हणाली. "तो डोझरवाला काय काय खातो, आणि तुला मूठभर तांदूळ नाही? सगळे नियम आपल्याच घरात राहायला आलेत का?"

"आमा, आता एकच वर्ष उरलं."

"मोजत बस."

नव्या वर्षी नगरपालिकेने घरोघरी दिनदर्शिका वाटली. बैशाखाच्या, म्हणजे पहिल्याच, पानावर बस्याल होता, हातात बेलमतीची कुदळ, खाली ठळक अक्षरांत: पाटाचा जीर्णोद्धार करताना मेयर. पवित्राने ते पान हातात घेतलं. तिला ते फाडायचं होतं, पण नगरपालिकेची वस्तू फाडायला तिचं मन होईना. इंद्रमायाने ते तिच्या हातातून घेतलं, अंगणात उन्हात पसरलं, मेयरचं तोंड वर करून, आणि त्यावर आंबवलेला मोहरीचा पाला गुंद्रुकाच्या भाजीसाठी वाळत घातला.

"कागद जाड आहे," ती म्हणाली. "चांगला वाळेल."