माझ्या बायकोचा हात कुणी मोडला

"काका, पँट जरा वर घ्या. पाय दिसू दे लोकांना."

रत्नागिरीच्या भरल्या सभागृहात लेखक मला माइकवरून असं म्हणाला. मी वाकलो. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. खालचा पाय कृत्रिम. टाळ्या पडल्या, मोबाइल वर झाले. जत्रेत पाच पायांचा बैल उभा करतात, तसा मी उभा.

माझ्यावरच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. लेखक लांज्याजवळच्या आमच्या गावातल्या खोतांचा नातू. माझा बाप त्यांच्या जमिनीत राबला. माझ्याहून तो वयाने लहान, पण घरी मला 'अरे' म्हणतो. 'काका' फक्त माइकवर.

मग त्याने एक पान वाचलं. नवरा सीमेवर लढत होता, तेव्हा ही माउली आंबे काढताना झाडावरून पडली, हात मोडला, पण तिने नवऱ्याला कळवलं नाही.

पुन्हा टाळ्या. पहिल्या रांगेत माझी बायको बसली होती. तिने वाकडा हात पदराखाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे नाही. माझ्याकडे.

खरं असं आहे. लढाईत सुरुंगावर पाय गेला आणि मी घरी आलो. शिमग्याला देवीची पालखी आमच्या अंगणात आली. ढोल, फाकांच्या आरोळ्या, माणसंच माणसं. बायको ओटी भरायला पुढे झाली आणि कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. मला अंगण दिसेना. तोफेचा मारा सुरू झाला की शेजारच्याला खाली दाबायचं, एवढंच अंगात होतं. मी तिच्यावर झेप घेतली. जांभ्याच्या पायरीवर तिचं कोपर माझ्या वजनाखाली मोडलं.

लोक आधी हसले. "मिलिट्रीवाल्याला झपाटलान!" मग गावाने ठरवलं, देवीसमोरची गोष्ट बाहेर न्यायची नाही. हात नीट बसला नाही. मीही त्यावर कधी बोललो नाही. त्यानंतर कित्येक वर्षं पालखी आली की मी माळ्यावर जाऊन कान दाबून बसायचो, आणि वाकड्या हाताने ओटी ती भरायची.

हे सगळं मी लेखकाला सांगितलं होतं. त्याने रेकॉर्डर बंद केला.

"अरे, वाचकाला वीर लागतो. हे कोण वाचणार? झाडावरून पडली असं करू."

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

खोतांपुढे बापाची मान जशी खाली जायची, तशी माझी गेली. पण तेवढंच नव्हतं. मला आतून बरं वाटलं. सुटलो असं वाटलं.

त्या दिवशी सभागृहात मात्र तिची नजर सोसवेना. मी माइक ओढून घेतला.

"ती झाडावरून पडली नाही. हात मी मोडला."

लेखक हसत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका भावनावश झालेत. लढाईचा ताण, दुसरं काय."

मी त्याचा हात काढला. सत्काराची शाल खुर्चीवर ठेवली. आम्ही दोघं बाहेर पडलो.

रिक्षात ती म्हणाली, "झाडावरना पडली म्हनं! मी कवा झाडावर चढलेली?"

मला हसू आलं. तिला नाही.

"सांगितलाव तर पुरता सांगा. तोंड दाबलाव ता पन."

ते मी लेखकालाही सांगितलं नव्हतं. ती ओरडायला लागली तेव्हा मी तिचं तोंड दाबून धरलं होतं. ओरडलं की शत्रूला जागा कळते. ती निळी पडली. लोकांनी मला ओढून काढलं, म्हणून ती वाचली.

दुसऱ्या दिवशी लेखक घरी आला. "अरे, दुसरी आवृत्ती निघतेय. झालं ते सोडून दे."

बायको दारातच उभी होती. मी त्याला खुर्ची दिली नाही.

"ते पान बदला, नाहीतर पुस्तकातून मला काढा," मी म्हटलं.

तो गेला. पुस्तक तसंच निघेल, मला माहीत आहे. पंधरा ऑगस्टला शाळा मला शौर्यकथा सांगायला बोलावतात. यंदाही जाणार. मुलांना सांगणार, की लढाई संपल्यावर माझ्या घरात एक बाई जखमी झाली. तिला मी जखमी केलं. आणि तिची किंकाळीही मीच दाबली. मुख्याध्यापकांनी माइक बंद केला तर माइकशिवाय सांगेन.